दीडशेव्या वर्षाचा निधी आणि एक गुप्तदान

संस्थेचा महोत्सव जाहीर झाला की सर्वप्रथम दोन गोष्टी तयार होतात : निमंत्रणपत्रिकेचा मसुदा आणि पावतीपुस्तक. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाचेही तसेच झाले. महोत्सव समितीच्या पहिल्याच बैठकीत वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारण्याचा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या बैठकीत त्या निधीचे करावयाचे काय, यावर दोन तास चर्चा रंगली. एक पक्ष नवे सभागृह बांधावे म्हणत होता. दुसऱ्या पक्षाचा आग्रह शिष्यवृत्तीच्या कायम निधीचा होता. निधीसंकलनाचे काम माझ्याकडे असल्यामुळे मला दोघांचेही ऐकून घेणे प्राप्त होते. नवा माल भरण्यापूर्वी तो आधी कोणी भरला होता आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याची व्यापाऱ्याला सवय असते. त्या सवयीने वाचन करीत असता अमेरिकेतील एका विद्यार्थी-मंडळाच्या शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाचा इतिहास माझ्या हाती आला. तो इतका बोधप्रद वाटला की स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो सविस्तर मांडण्याचे मी योजिले.

अमेरिकेतील महाविद्यालयांतून 'फ्रॅटर्निटी' नावाची विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. त्यांची नावे बहुधा ग्रीक अक्षरांची. सदस्याची निवड मंडळीच करतात आणि एकदा निवडला गेलेला सदस्य जन्मभर सदस्य राहतो. महाविद्यालय सुटले तरी मंडळ सुटत नाही. आपल्याकडे बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या पिढ्यांना हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ साली महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. अशा वास्तूंत एका पंगतीला जेवलेली मुले पुढे डॉक्टर होवोत, वकील होवोत की पेढीवर बसोत, एकमेकांना ओळख देण्यासाठी त्यांना खोलीचा क्रमांक पुरतो.

या अमेरिकन मंडळांपैकी सर्वांत जुने ते 'फाय बीटा कॅपा'. ज्या वर्षी अमेरिकेने स्वातंत्र्याची घोषणा केली, त्याच १७७६ च्या ५ डिसेंबर रोजी विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी ते स्थापिले. 'तत्त्वज्ञान हे जीवनाचे सुकाणू' अशा अर्थाच्या ग्रीक वचनाची ही तीन आद्याक्षरे होत. आरंभी मंडळ गुप्त होते. सदस्यांना शपथ असे, ओळखीसाठी विशिष्ट हस्तांदोलन असे, आणि पदक असे. गावातील रॅले टॅव्हर्न या खाणावळवजा उतारशाळेतील अपोलो नावाच्या दालनाशी त्यांच्या बैठकींची आठवण जोडली गेली आहे. जेमतेम चार वर्षे हे चालले. १७८१ च्या आरंभी ब्रिटिश फौजा जवळ आल्या, महाविद्यालय ओस पडले आणि मंडळही थांबले. तोवर सदस्य झाले होते अवघे पन्नास. त्यांत पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल हेही एक. परंतु बंद पडण्यापूर्वी या मुलांनी एक शहाणपणाची गोष्ट करून ठेवली होती. येल आणि हार्वर्ड या दोन विद्यापीठांत शाखा काढण्याची सनद त्यांनी आपल्या एका सदस्याकरवी उत्तरेस धाडली होती. मूळ दुकान बंद झाले, पण शाखा चालल्या आणि त्यांतूनच पुढे देशभर विस्तार झाला. काळाच्या ओघात गुप्तता गेली, १८७५ पासून स्त्रियांनाही प्रवेश मिळाला, आणि गुणवान विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था असे तिचे स्वरूप झाले.

१९२६ साली या मंडळास दीडशे वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्या निमित्ताने मूळ स्थानी, म्हणजे विल्यम्सबर्गला, त्या आद्य पन्नास सदस्यांचे स्मारक म्हणून एक सभागृह बांधावे असे ठरले. आता अडचण पाहावी. विल्यम्सबर्ग एके काळी व्हर्जिनियाची राजधानी होते. १७८० साली राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडले. पुढे यादवी युद्धाने सारा दक्षिण भाग होरपळला. महाविद्यालयाची स्थापना १६९३ ची, पण तिजोरी रिकामी. त्याच्या स्वतःच्या माजी विद्यार्थ्यांत धनिक थोडे. मात्र फाय बीटा कॅपाचे सदस्य देशभरातील विद्यापीठांतून पसरलेले, त्यांत पेढीवाले होते, वकील होते, उद्योगपती होते. त्यांतील बहुतेकांनी विल्यम्सबर्ग डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. ज्या गावाशी नाते फक्त नावापुरते, त्या गावासाठी त्यांच्याकडून पैसे काढावयाचे होते.

हे काम महाविद्यालयाचे अध्यक्ष चँडलर यांनी ज्यांच्या हाती दिले ते रेव्हरंड डब्ल्यू. ए. आर. गुडविन हे या कथेचे नायक. ते धर्मोपदेशक. १९०३ ते १९०९ या काळात ते विल्यम्सबर्गच्या ब्रूटन पॅरिश चर्चचे प्रमुख होते आणि त्या जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला होता. जेम्सटाउन येथील पहिल्या इंग्रज वसाहतीस १९०७ साली तीनशे वर्षे होत होती. तो योग त्यांनी अचूक साधला. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांनी बायबलची प्रत दिली आणि अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती ठेवण्याचे व्यासपीठ. वर्धापनाचे वर्ष ही दात्याच्या दारावरची घंटा आहे, हे गुडविन यांना पक्के ठाऊक होते. मध्यंतरी ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला गेले. १९२३ साली महाविद्यालयात धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि निधीसंकलनाचे संचालक म्हणून परत आले. पाहतात तो गावाची रया आणखी गेलेली. अठराव्या शतकातील घरांच्या शेजारी पेट्रोलपंप आणि मोटारींची गॅरेजे. सभागृहाचा निधी मागता मागता त्यांच्या मनात सबंध गावाच्या जीर्णोद्धाराचे स्वप्न आकार घेऊ लागले.

स्वप्नाचा पहिला अर्ज चुकीच्या दारी गेला. १९२४ साली त्यांनी हेन्री फोर्ड यांच्या चिरंजीवांना पत्र लिहिले. मोटारीच या जुन्या गावाच्या नाशाचे प्रमुख कारण आहेत, सबब मोटारी करणाऱ्यांनीच ते वाचवावे, असा त्यांचा युक्तिवाद. युक्तिवाद चोख होता, पण दात्याला आधी दोषी ठरवून मग मागणे ही रीत काही बरी नव्हे. नकार आला.

दुसरे दार उघडले ते मात्र मंडळाच्या नात्याने. फेब्रुवारी १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल ॲस्टरमध्ये फाय बीटा कॅपाचे भोजन होते. गुडविन यांनी तेथे स्मारक-सभागृहाच्या योजनेवर भाषण केले. श्रोत्यांत ब्राउन विद्यापीठाच्या १८९७ च्या तुकडीचे एक सदस्य बसले होते. त्यांचे नाव जॉन डी. रॉकफेलर धाकटे. भोजनोत्तर ओळख झाली. गुडविन यांनी विल्यम्सबर्ग पाहावयास येण्याचे निमंत्रण दिले. त्या वेळी ते स्वीकारले गेले नाही.

रॉकफेलर घराण्याविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण आम्हा व्यापाऱ्यांना त्यात रस वाटेल. थोरले रॉकफेलर १८५५ साली सोळाव्या वर्षी एका अडत पेढीवर कारकून म्हणून लागले तेव्हापासून त्यांनी एक खासगी कीर्द ठेवली होती. 'लेजर ए' या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्या तुटपुंज्या पगारातून चर्चला आणि गोरगरिबांना दिलेली सेंटांतली दानेही तीत तारखेवार मांडलेली आहेत. मुलालाही त्यांनी लहानपणापासून जमाखर्च लिहावयास लावले. दानातही त्यांचा हिशेब असे. १८८९ साली शिकागो विद्यापीठासाठी त्यांनी सहा लाख डॉलर देऊ केले ते अशा अटीवर की, उरलेले चार लाख एका वर्षाच्या आत इतरांनी जमवावेत. 'तुम्ही चार आणा, मी सहा घालतो' हा तो करार. त्यामुळे सहा लाखांचे श्रेय एका माणसाचे राहिले नाही. चार लाख देणाऱ्या शेकडो माणसांना विद्यापीठ आपले वाटू लागले. त्या विद्यापीठाला दहा एकर जागा दिली ती मार्शल फील्ड यांनी, आणि मार्शल फील्ड हे शिकागोचे कापडचोपडाचे व्यापारी होते, हे आमच्या धंद्याच्या अभिमानाने नमूद करतो. आपल्या समितीने या अटीच्या देणगीचा विचार अवश्य करावा. एकच मोठा दाता मिळाला की बाकीचे श्रावक हात आखडता घेतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मार्च १९२६ मध्ये धाकटे रॉकफेलर सहकुटुंब दक्षिणेच्या प्रवासात असता विल्यम्सबर्गला थांबले. गुडविन यांनी त्यांना गाव दाखविले. हाती योजनेचा कागद नाही, आकडा नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. हे घर अमक्याचे, येथे अमुक सभा झाली, एवढेच ते सांगत राहिले. २७ नोव्हेंबर १९२६ रोजी फाय बीटा कॅपा स्मारक-सभागृहाचे उद्घाटन झाले. दीडशेव्या वर्षाचा सोहळा यथासांग पार पडला, मान्यवरांची भाषणे झाली. रॉकफेलर पाहुण्यांत होते. परंतु त्या दिवसाची खरी घटना समारंभात घडली नाही. रॉकफेलर यांनी गावातून एकट्याने फिरून येण्याची इच्छा दर्शविली, आणि ते फिरून आले. त्याच रात्री गावाच्या पुनर्रचनेची चित्रे वास्तुविशारदाकडून काढून घेण्यास त्यांनी गुडविन यांना अनुमती दिली. चित्रांपुरतीच अनुमती. पुढचे वचन काहीच नाही.

आठवडाभराने विटांचे एक जुने घर विक्रीस आल्याचे गुडविन यांनी त्यांना पत्राने कळविले. लडवेल-पॅराडाइज हाउस हे त्याचे नाव आणि किंमत आठ हजार डॉलर. ७ डिसेंबर रोजी तार आली. तारेत घराचा उल्लेख 'जुनी वस्तू' असा होता आणि खाली सही होती : 'डेव्हिडचा बाप'. डेव्हिड हा रॉकफेलर यांचा सर्वांत धाकटा मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा. तारघरातील माणसालाही दाता कळू नये म्हणून केलेली ही योजना. गुप्त मंडळाच्या महोत्सवातून निघालेले हे दानही गुप्त राहिले, ते दीड वर्ष.

त्या दीड वर्षात गुडविन एकामागून एक घरे खरेदी करीत होते. गरीब धर्मोपदेशकाकडे एवढा पैसा आला कोठून, या प्रश्नाने गाव बेजार झाले. कोणी फोर्ड यांचे नाव घेई, कोणी मॉर्गन यांचे. बॉस्टनहून आलेले वास्तुविशारद विल्यम पेरी आणि गुडविन रात्री, लोक झोपल्यावर, रस्त्यांची आणि घरांची मापे घेत. १२ जून १९२८ रोजी नगरसभेत गुडविन यांनी दात्याचे नाव जाहीर केले तेव्हा कुठे कोडे सुटले.

आपल्या शास्त्रात आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि गुप्तदानाची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्या दृष्टीने 'डेव्हिडचा बाप' ही सही वाचून प्रथम मन भरून आले. परंतु व्यापारी माणसाला दुसरी बाजूही दिसल्याशिवाय राहत नाही. रॉकफेलर यांचे नाव फुटले असते तर दुसऱ्या दिवशी घरांचे भाव आकाशाला भिडले असते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा गुप्त असतो, म्हणून काही तो दान होत नाही. या गुप्ततेत दान किती आणि सौदा किती, याची वाटणी मला करता आलेली नाही. अनेक विक्रेत्यांना त्यांच्या घरात तहहयात राहण्याची मुभा दिली गेली, हे मात्र दात्याच्या बाजूने सांगावयास हवे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही, आणि ती सांगताना लेखणी जड होते. अठराव्या शतकाचे गाव पुन्हा उभे करावयाचे म्हणून नंतरच्या काळातील शेकडो इमारती पाडण्यात आल्या. जळून गेलेले रॅले टॅव्हर्न नव्याने बांधले गेले व १९३२ साली लोकांसाठी खुले झाले. अपोलो दालन पुन्हा दिसू लागले. त्याच गावात कृष्णवर्णीयांची एक धर्मसभा होती, फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च. गुलाम आणि मुक्त अशा दोन्ही प्रकारच्या कृष्णवर्णीयांनी स्थापिलेल्या या सभेचा आरंभही १७७६ सालचाच मानला जातो. म्हणजे फाय बीटा कॅपाची आणि तिची जन्मतिथी एकाच वर्षातली, गावही एकच. तिची नासाऊ स्ट्रीटवरील इमारत १८५६ सालची. जीर्णोद्धार करणाऱ्या प्रतिष्ठानने ती विकत घेतली आणि १९५० च्या दशकात पाडली. पुढे त्या जागेवर वाहनतळ झाला. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन संस्थांपैकी जिचे माजी सदस्य न्यूयॉर्कच्या हॉटेलात भोजनाला जमत होते तिची खोली विटेविटेने पुन्हा उभी राहिली. जिच्या सदस्यांत गुलाम होते तिच्या भिंतींवर डांबर पडले. २०२० साली त्याच प्रतिष्ठानने तेथे उत्खनन हाती घेतले आणि जुन्या चर्चचा पाया व लगतची दफने उजेडात आली. महोत्सवाचा निधी ज्यांच्याकडून येतो त्यांचीच आठवण तो जपतो. आपल्या वसतिगृहाच्या इतिहासात देणगीदारांची यादी पहिल्या वर्षापासून पूर्ण आहे. पहिल्या वीस वर्षांतील स्वयंपाकी आणि शिपाई यांची नावे मी कार्यालयात शोधली. पगारपत्रकांच्या फाटक्या कागदांत पाच सापडली, ती या स्मरणिकेत अन्यत्र छापली आहेत. बाकीची कोणाला आठवत असल्यास कार्यालयाकडे कळवावीत.

आता ज्या सभागृहासाठी हा सारा खटाटोप झाला त्याचे काय झाले ते सांगतो. ते अवघी सत्तावीस वर्षे टिकले. २९ डिसेंबर १९५३ रोजी त्याला आग लागली आणि मुख्य प्रेक्षागार भस्मसात झाले. १९५७ साली दुसऱ्या जागी नवे सभागृह बांधण्यात आले. दीडशे वर्षांच्या सोहळ्याची वास्तू गेली आणि सोहळ्याला आलेल्या एका पाहुण्याची पायी फेरी तेवढी फळाला आली, असे कोणी म्हणेल. तसे म्हणण्याचा मोह मलाही झाला. परंतु ते खरे नाही. सभागृह नसते तर भोजन नसते, भोजन नसते तर ओळख नसती, आणि उद्घाटन नसते तर तो पाहुणा नोव्हेंबरात आलाच नसता. समितीतील सभागृहवाल्या मित्रांना हा मुद्दा मी मोकळ्या मनाने देऊन टाकतो.

माझी शंका वेगळीच आहे. आपल्या संस्थांच्या हिशेबात देवद्रव्य, ज्ञानखाते, जीवदया आणि साधारण अशी खाती असतात. एका खात्याचा पैसा दुसऱ्यात वळवता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. पण कोणत्याही ट्रस्टचा ताळेबंद उघडून पाहावा, तूट असते ती बहुधा साधारण खात्यात. चढाव्यात लाखाची बोली बोलणारा श्रावक वीजबिलासाठी बोली लावीत नाही. सभागृहाला नाव देता येते; छताच्या गळतीला नाव देता येत नाही. गुडविन यांच्या कथेत सभागृहाचा निधी जमला, उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली. मंडळाचे आणि महाविद्यालयाचे रोजचे काम मात्र वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या, ज्यांची छायाचित्रे निघाली नाहीत अशा सदस्यांवर चालले असणार. म्हणून मी समितीपुढे अशी सूचना ठेवली आहे की, सभागृह बांधावयाचे तर बांधावे, पण जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील पंचवीस रुपये त्याच्या देखभालीच्या कायम ठेवीत आधी टाकावेत आणि मगच विटा मागवाव्यात. सूचनेवर अद्याप निर्णय झालेला नाही. माजी विद्यार्थ्यांना जे पत्र जाणार आहे त्याच्या मसुद्यात मी दुसरा एक बदल सुचविला तो मात्र मान्य झाला. देणगीचे दर आता पत्राच्या पहिल्या पानावर नाहीत. पहिल्या पानावर वसतिगृहात येऊन एक रात्र राहून जाण्याचे निमंत्रण आहे. संध्याकाळी, चौविहाराच्या वेळेआधी, जुन्याच भोजनगृहात पंगत बसेल.

गुडविन ७ सप्टेंबर १९३९ रोजी निवर्तले. त्यांना ब्रूटन पॅरिश चर्चमध्येच चिरविश्रांती देण्यात आली. आगीतून वाचलेला जुन्या सभागृहाचा भाग दुरुस्त करून वापरात आणला गेला, त्याला आज 'युएल हॉल' म्हणतात. बेंजामिन युएल हे महाविद्यालयाचे जुने अध्यक्ष. यादवी युद्धानंतर पैशाअभावी महाविद्यालय काही वर्षे पूर्ण बंद पडले होते, ते १८८८ साली पुन्हा उघडले. त्या बंद काळात, एकही विद्यार्थी नसताना, म्हातारे युएल दर वर्षी सत्रारंभाच्या दिवशी येत आणि महाविद्यालयाची घंटा वाजवून परत जात, असे तेथील लोक सांगतात.